आईने आधी हात धुतले होते

"हौसे, हात कुठं लावलास?"

आण्णा लेण्याच्या दारात उभे होते. गावच्या जत्रेचे मानकरी. आत आई स्तूपापुढे वाकली होती. दोन्ही तळवे आणि कपाळ स्तूपाच्या दगडाला टेकलेलं. ती दचकून मागे सरली.

"चक्कर आली, आण्णा. तोल गेला."

"तोल जायला ह्योच दगड घावला व्हय?"

आईला पायरीवर नाक घासायला लावलं. आण्णा पुरे म्हणेपर्यंत. मी सहावीत होते, शेणाची बादली धरून उभी होते. जत्रेच्या तयारीला आलेल्या बायका बघत होत्या. कुणी हसलं नाही, हे खरं. कुणी थांबवलंही नाही. आईचं नाक सोललं.

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात आमचं छोटं गाव. गावाच्या वर कातळात कोरलेलं लेणं, बौद्ध भिक्खूंचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. सरकारी पाट्या मोठ्या लेण्यांना. आमच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. स्तूपापुढे कधीतरी कुणीतरी शेंदूर फासलेला दगड मांडला आणि लेणं देवीचं झालं. आमची वस्ती बौद्ध होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. घरोघरी बुद्धाची तसबीर. पण बुद्धाच्या लेण्यात आम्हाला प्रवेश फक्त जत्रेच्या आदल्या दिवशी. वटवाघळांची घाण काढायला आणि देवीपुढे सारवायला. काम उरकलं की मागून गोमूत्र शिंपडायचे. मग वर्षभर आम्ही बाहेरच.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "खोटं का बोललीस?"

मी पाहिलं होतं ना. तिने आधी लेण्याबाहेरच्या कातळातल्या टाक्याच्या पाण्याने हात धुतले होते, कोपरापर्यंत. पदराला पुसले. मग टेकले. चक्कर आलेलं माणूस आधी हात धुऊन घेत नाही.

आई चुलीकडे बघत म्हणाली, "खरं सांगितलं असतं, तर पुढल्या साली बोलावलं नसतं. सारवायच्या निमतानं तरी जवळ जायला मिळतं गं."

मला भाकर गेली नाही. आण्णांचा राग होताच, आईचा जास्त आला. मग उठून तिच्या नाकाला तेल लावलं. लेणं कुणाचं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याच बुद्धाला भेटायला ती शेणाची बादली घेऊन जात होती.

पुढे मी शिकले. आळेफाट्याला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले. आईचे गुडघे गेले. जत्रा आली तसा आण्णांनी माणूस धाडला. हौसीला जमत नसंल तर पोरीला धाडा.

मी गेले. बादली नेली नाही. चपला बाहेर काढल्या आणि सरळ जाऊन स्तूपापुढे बसले.

"तुला सारवाया बोलावलंय," आण्णा म्हणाले.

"सारवणार न्हाई. पाया पडायला आले."

"कुणाला इचारून?"

"कुणालाच न्हाई."

दोन पोरांनी दंडाला धरून मला बाहेर ओढलं. बांगड्या फुटल्या, मनगट कापलं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती रडायला लागली.

"आता आपल्याला कुणीच आत घ्यायचं न्हाई," एवढंच म्हणाली.

त्याच पावसाळ्यात ती गेली. स्तूप पुन्हा न बघता. त्या दुःखावर माझ्याकडे औषध नाही, आणि मला ते नकोही आहे.

आता वस्तीतलेच लोक सांगतात, मानकरी झालेला आण्णांचा मुलगा समजूतदार आहे, त्याच्याशी बोल, बुद्धपौर्णिमेपुरती परवानगी देईल. मी बोलणार नाही. परवानगी मागितली की लेणं त्यांचं ठरतं. दर वैशाख पौर्णिमेला मी वर जाते. ते ओढून काढतात. येत्या पौर्णिमेलाही जाणार आहे. ओढून काढलं, तर उठून पुन्हा आत.