राज्याचा हरकतदार

माझे मामा जन्मभर एकाच कामाचं खात होते. राजासमोर पडायचं.

सांगते नीट. आमच्या राज्यात नवा वारस गादीवर बसायच्या आधी भर दरबारात एका माणसाने उठून 'माझी हरकत आहे' असं म्हणायची पद्धत होती. मग वारसाने तलवार घेऊन खाली यायचं, त्या माणसाच्या तलवारीला दोन-चार वेळा तलवार लावायची आणि शेवटी त्याच्या खांद्यावर पातं टेकवायचं. पातं टेकलं की हरकतदाराने आडवं व्हायचं. तो आडवा झाला की मुकुट. तोवर नगारा वाजत राहायचा. त्याआधी वारसाने तलवार खाली टाकली, तर गादी पुढच्या वारसाकडे. पण तसं कधी झालं नव्हतं, कारण हरकत घेणारं घराणं ठरलेलं होतं आणि ते आमचं होतं. आम्ही पिढ्यानपिढ्या वेळच्या वेळी पडत आलो होतो. वारसाची तलवार खरी, आमची लाकडी. त्यामुळे फार विचार करावा लागत नसे.

या कामाच्या बदल्यात तबेल्यामागे एक घर आणि राजवाड्याच्या कोठारातून धान्य. मामा ऐन तारुण्यात हरकतदार झाले आणि मग राजाने मरायचं नावच घेतलं नाही. राजवाड्यात कुणी खोकलं तरी मामांचे कान टवकारायचे, आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटून ते दिवसभर राजाच्या दीर्घायुष्यासाठी हात जोडत बसायचे. अंगणात गादी टाकून रोज सराव चाले. उजव्या कुशीवर पडणं, मागच्या मागे पडणं, पडताना हुंकार द्यायचा की नाही, यावर त्यांची स्वतंत्र मतं होती. दरम्यान पोट पुढे आलं, गुडघे गेले. गल्ली त्यांना 'पडेल' म्हणायची. मामी म्हणायची, "पडायचं वय होतं तेव्हा बोलावणं आलं नाही, आता पडलात तर उचलायला चार माणसं लागतील."

मी त्यांची भाची. शिवणकाम करते. दरबारात घालायचा त्यांचा कापूस भरलेला अंगरखा माझ्याकडेच असायचा. मी तो दरवर्षी थोडा उसवून मोठा करायचे आणि कापूस धुण्याने फुगतो असं त्यांना सांगायचे.

शेवटी राजा गेला. मामा मनापासून रडले, आणि डोळे पुसून गादी उन्हात टाकायला गेले.

गादीवर बसणार होती राजाची मुलगी, वय सतरा. रंगीत तालमीसाठी तिने आम्हाला शस्त्रशाळेत बोलावलं. अंगरख्याचे बंद पाठीवर असल्यामुळे मला बरोबर जावं लागलं. मामा उभे राहिले, छाती फुगवली आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

"कशाला?" युवराज्ञीने विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंदांकडे पाहिलं.

"तुमची नक्की हरकत काय आहे?" ती म्हणाली. टिंगल करत नव्हती. खरंच विचारत होती.

"तसं काही लिहिलेलं नाही," मामा म्हणाले. "आजोबा एवढंच म्हणायचे, वडील एवढंच म्हणायचे. मग पडायचं असतं."

"बरं," ती म्हणाली, आणि तलवार उचलली. हात सफाईदार होता. मामा पडलेही छान. पण घरी येताना वाटभर एक शब्द बोलले नाहीत, आणि ज्या माणसाला तबेल्यातल्या घोड्याशीही दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, त्याचं हे लक्षण मला बरं वाटलं नाही. पुढचे काही दिवस ते जेवताना हात थांबवून म्हणायचे, "अगं, खरंच काय हरकत आहे आपली?" मामी म्हणायची, "मला विचारा, संध्याकाळपर्यंत सांगत बसेन."

मग सेनापती आले. सेनापती म्हणजे गेलेल्या राजाचे धाकटे भाऊ, म्हणजे युवराज्ञीचे काका, म्हणजे तिच्यानंतरचे वारस. एकाच माणसाला इतकी नाती असली की सांभाळून राहावं. आमच्या मोडक्या स्टुलावर ते अगदी प्रेमाने बसले.

"तुम्ही काही करायचं नाही," ते म्हणाले. "फक्त उभं राहायचं. पडायचं नाही."

"कापून काढेल ती मला," मामा म्हणाले.

"नाही कापणार. मी शिकवलंय तिला. हात चांगला आहे, पण मन मऊ. म्हाताऱ्या माणसावर वार करण्यापेक्षा ती तलवार टाकेल." मग त्यांनी मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खरं सांगा, तुमच्या घराण्यात एक तरी माणूस कधी जिंकलाय का? कुणीतरी उभं राहायला नको?"

मी आजवर कितीतरी लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढताना पाहिलंय, पण मामा ज्या वेगाने चढले तो वेगळाच होता. सेनापती गेल्यावर ते आरशासमोर उभे राहिले. नुसते उभे. मामी स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मऊ मनाच्या मुलीचाही हात चुकतो हो."

"मला माहीत आहे," मामा म्हणाले.

"मग काय करणार?"

"तेच माहीत नाही."

मामांचा मला राग आला आणि कीवही आली. एका बाजूला त्या पोरीचं राज्य, दुसऱ्या बाजूला यांची मान, आणि मध्ये यांना एकदा तरी मोठं व्हायची हौस.

राज्याभिषेकाच्या दिवशी मी मामांच्या पाठीशी होते. अंगरखा श्वास घेऊ देईल एवढाच बांधला होता. दरबार खचाखच भरलेला. पुजारी मुकुट घेऊन उभा. सेनापती पहिल्या रांगेत, लग्नातल्या वरबापासारखे प्रसन्न. मामा उठले.

"माझी हरकत आहे."

नगारा सुरू झाला. युवराज्ञी खाली आली. खण, खण, खण. खरं तर खट, खट, खट, कारण एक तलवार लाकडी. मग तिने पातं मामांच्या खांद्यावर टेकवलं.

मामा पडले नाहीत.

नगारेवाला वाजवत राहिला, पण मान लांब करून बघू लागला. दरबारात कुजबुज झाली. युवराज्ञीचा चेहरा पांढरा पडला. तिने काकांकडे पाहिलं, काका हसले, आणि तिला सगळं कळलं. पातं अजून मामांच्या खांद्यावरच होतं. आता एकतर दाबायचं किंवा टाकायचं.

"काय हरकत आहे तुमची?" तिने विचारलं. हळूच, पण आसपासच्या रांगांना ऐकू गेलं.

"तुम्ही विचारलंत तेव्हापासून शोधतोय," मामा म्हणाले. "आधी तबेल्याचा वास आठवला. मग कोठारातल्या धान्यातले खडे. पण ती काही राज्याला घ्यायची हरकत नव्हे." "माझी हरकत अशी आहे की तुम्ही सतरा वर्षांच्या आहात, आणि इथे नाही म्हणायचं काम असलेला माणूस एकटा मीच. त्याला तुम्ही पहिल्याच क्षणाला आडवं करता. पुढे जन्मभर सगळे हो म्हणणार. तुम्ही चुकलात तर सांगणार कोण?"

नगारेवाल्याचा एक ठोका चुकला.

युवराज्ञी म्हणाली, "तुम्हीच. उद्यापासून रोज दरबारात या. पण आता पडला नाहीत तर उद्या त्या खुर्चीत मी नसेन, आणि तिथे जे असतील ते हरकत विचारणार नाहीत."

"हे पटलं," मामा म्हणाले.

आणि पडले. इतक्या वर्षांच्या सरावातलं एकही पडणं ते नव्हतं. आधी गुडघ्याला हात लावून ते अर्धे बसले, मग "आई गं" म्हणत एका कुशीवर कलंडले, आणि अंगरख्याचा एक बंद तुटला. लोक हसले. पण मुकुट डोक्यावर चढला, आणि सेनापतींचं हसू तेवढं उतरलं.

गोष्ट इथे संपली असती तर आमच्या घराण्याचा पुतळाच उभारला असता. पण मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही. स्टुलावरची सगळी बोलणी तिने त्या संध्याकाळी शेजारणीला सांगितली, शेजारणीने तबेल्यात, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दरबारात पोचलो तेव्हा सेनापती बेड्यांत उभे होते. राणीचे डोळे रडून सुजलेले होते. ज्याने तलवार धरायला शिकवलं त्यानेच फसवलं होतं, आणि सतराव्या वर्षी अशा रागाला तळ नसतो.

"फाशी," ती म्हणाली.

सगळ्या दरबाराने नंदीबैलासारख्या माना हलवल्या. जे काल सेनापतींच्या मागे-पुढे करत होते, त्यांच्या माना जास्त जोरात हलत होत्या.

मामांना खाली बसायला स्टूल दिलं होतं. मी त्यांचा अंगरखा मागून घट्ट धरला. बसून राहा, एवढीच माझी इच्छा होती. ते उठले.

"माझी हरकत आहे."

या वेळी नगारा वाजला नाही. कुणाला काय करायचं कळेना. राणीचा हात तलवारीवर गेला, आणि ही तालीम नव्हती. काल शब्द देणं सोपं होतं. आज दुखत असताना पाळायचा म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ती म्हणाली, "काय हरकत?"

"ते माझ्या घरी आले, मी ऐकून घेतलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही. मोह मलाही झाला होता. त्यांना फाशी द्यायची तर दोर दोन लागतील," मामा म्हणाले. "शिवाय ते काका आहेत तुमचे. तुम्हाला आज राग आलाय. हा राग जाईल. ते परत येणार नाहीत."

राणीने तलवारीवरचा हात काढला आणि त्याच हाताने डोळे पुसले, सगळ्यांसमोर.

"सेनापतींना सीमेवरच्या चौकीत पाठवा," ती म्हणाली. "त्यांच्या पत्रांना उत्तर द्यायचं की नाही, ते मी ठरवीन." मग मामांकडे वळून म्हणाली, "उद्या वेळेवर या."

मामा तसेच उभे राहिले. त्यांना वाटत होतं आता पडायचं असेल. मी पुढे होऊन त्यांच्या कानात सांगितलं, "मामा, झालं. चला घरी."

"असंच?" त्यांनी विचारलं.

"असंच," मी म्हटलं. मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन, पण आपल्या पायांनी, दरबाराबाहेर आले.