वाजत गेलं पायजे

पेशंटसाठी आलेली कुठलीही वस्तू नर्सबाई आधी स्वतःवर वापरून पाहायच्या. नवं कडू औषध आलं की घोटभर पिऊन तोंड वाकडं करायच्या. तपासणीच्या टेबलावर चढून आडव्या व्हायच्या आणि विचारायच्या, "हे बनवणारा कधी याच्यावर झोपला होता काय?" जानेफळच्या दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं.

एकदा जिल्ह्याहून स्ट्रेचर आलं. दोन बांबू, मधे पांढरं कापड. त्याच आठवड्यात शेतातल्या वस्तीवर एक सून बाळंतपणात अडली. आम्ही स्ट्रेचर घेऊन धावलो, तर सासू दारात आडवी उभी. "जित्या सुनेले तिरडीवर नेता? लाज नाही वाटत?"

बाईंनी तिथंच शर्थ केली. सून वाचली, मूल गेलं.

परतताना मी म्हातारीच्या नावानं बोटं मोडत होतो.  बाई मात्र बाजाराच्या दिवशी स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि म्हणाल्या, "चला, फिरवा मले बाजारातून."

दवाखान्यातल्या आम्ही चौघांनी खांद्यावर घेतलं. मिरचीवाल्यानं टोपी काढली. बायांनी हात जोडले. एक म्हातारा तर "लय भली बाई होती" म्हणत डोळे पुसू लागला. बाई ताडकन उठून बसल्या, "अवो बाबा, अजून जित्ती आहो मी!" म्हातारा असा पळाला की मागं राहिलेली त्याची एक चप्पल बरेच दिवस दवाखान्यात पडून होती.

"म्हातारी खरं तेच बोलली," बाई म्हणाल्या आणि त्याच सासूला बोलावणं धाडलं. ती आली, पण पायरीवर तोंड फिरवून बसली. बाईंनी स्ट्रेचर तिच्यापुढं ठेवलं. "मंग तुमीच सांगा माय, कसं पायजे?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नसावं. वळून स्ट्रेचर चाचपत ती म्हणाली, "याले पाय काऊन नाहीत? बाजेले पाय असतेत." सुतारानं पाय बसवले. पांढरं कापड गेलं, तिचंच हिरवं लुगडं आलं. तरी तिचं समाधान होईना. "तिरडी मुकाट जाते. हे वाजत गेलं पायजे," म्हणत तिनं घरून बैलाची घुंगरमाळ आणली.

मी कुरकुरलो, "पेशंटले तरास होईन." बाई लगेच आडव्या झाल्या, चार पावलं मिरवून घेतलं. "मले तं लगनाले निघाल्यासारखं वाटून राह्यलं!" त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. सगळ्यांत आधी त्याच हसल्या.

पुढल्या वर्षी शेतांतून घुंगरं वाजत आली. पुढं तीच म्हातारी, लोकांना सारत, "सरका बे, माही सून येऊन राह्यली!" मुलगी झाली. म्हातारीनं आधी नातीला नाही, बाईंना जवळ घेतलं.

निवृत्तीनंतरही बाई गावातच राहिल्या, आणि गावातच गेल्या. आम्ही चौघांनी पुन्हा खांदा दिला. बाजारात मिरचीवाल्यानं टोपी काढली, बायांनी हात जोडले. मी थबकलो. वाटलं, आता बाई ताडकन उठून बसतील.