उलटी पाचर

आमच्या घरातली प्रत्येक लाकडी वस्तू बोटभर मोठी आहे. कपाट ज्या कोनाड्यासाठी केलं, त्यात ते कधी गेलंच नाही. ते पॅसेजमध्ये उभं आहे आणि आम्ही इतकी वर्षं अंग चोरून त्याच्या बाजूने जातो. स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप चौकटीत बसत नाही, म्हणून ती सुतळीने बांधलेली. हे सगळं मामाने केलेलं. मामा कारागीर वाईट होता असं कृपा करून समजू नका. ओतकामाच्या कारखान्यांसाठी लाकडी नमुने करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घोटाळा होता तो त्याच्या खिशातल्या पट्टीचा.

नमुना वाळूत दाबून साचा होतो, आणि त्यात ओतलेला वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून नमुना करणारा मिस्त्री सगळं थोडं मोठंच करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे खास पट्टी असते. दिसायला साधीच, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच अंमळ लांब. कारखान्यात हे शहाणपण झालं. घरी काम काढलं की मामा सवयीने तीच पट्टी काढायचा, आणि लाकडी कपाट काही थंड होऊन आकसत नाही.

त्याचं बोलणंही त्याच पट्टीने मोजलेलं. "आज मालक खुर्ची सोडून उठले माझ्यासाठी," असं सांगत तो घरात शिरायचा. संध्याकाळपर्यंत कळायचं की मालकांनी जाता जाता मान हलवली होती. आई म्हणायची, "ऐकून घ्यावं, जरा थंड होऊ द्यावं, मग बरोबर मापाला येतं."

आई त्याची थोरली बहीण. मामा आमच्याकडेच राहायचा, पन्नाशीला टेकला तरी एकटाच. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "मापात बसेल अशी मिळाली नाही."

"तुझ्या पट्टीने मोजल्यावर मिळणार कशी?" ही आई.

पुढे मला त्याच्याच कारखान्यात तपासणीचं काम मिळालं, तेव्हा मामाचं राज्य जवळून बघायला मिळालं. तिथे त्याला 'पोकळ मिस्त्री' म्हणत, आणि तो ते बिरुद मिरवायचा. कारण त्याचं मुख्य काम पोकळीचंच होतं. पाईप ओतायचा तर आतली पोकळी ठेवायची कशी? वाळूत तेल कालवून तिचा लांबट गाभा करायचा, तो भट्टीत भाजून कडक करायचा आणि साच्यात मधोमध ठेवायचा. त्याला म्हणायचं कोअर. धातू त्याच्याभोवती भरतो. थंड झाल्यावर ठोकून वाळू काढून टाकली की पाईप आतून मोकळा. ही वाळू ज्या लाकडी पेटीत दाबून भरतात ती कोअर बॉक्स, आणि ती बनवणारा मामा. "भरीव काय, कुणीही करील," तो छाती काढून सांगायचा. "काहीच नसलेलं करून दाखवा म्हणावं!"

पेट्यांत वाळू भरायच्या त्या कोअरबाई. आवारापलीकडच्या खोलीत कोअर करणाऱ्या बायकांच्या त्या प्रमुख. कोपरापर्यंत तेलकट हात, कपाळावर वाळूचा पट्टा, आणि जीभ अशी की वाळूसुद्धा न दाबता घट्ट बसावी. वडिलांच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं होतं. वडील गेल्यावर दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मामाने नवी पेटी पाठवली की दुसऱ्या दिवशी ती काखेत मारून त्या मामाच्या कामाच्या खोलीच्या दारात हजर.

"मिस्त्री, ही वाळू धरून ठेवते. कोअर काढायला गेलं की कोपरा तुटतो."

"बाई, पेटी नाही धरत, तुमचा हात आखडता आहे."

"माझा हात आखडता? मग तुमची जीभ सैल आहे."

अशी सलामी झडली की मामा पेटी घासायला घ्यायचा. बाई खिडकीखालच्या स्टुलावर बसायच्या. मामा थर्मासच्या झाकणात त्यांना चहा ओतायचा आणि स्वतः बिनकानाच्या कपातून प्यायचा. कोपरा घासायला लागावा त्याच्या तिप्पट वेळ लागायचा. मग बाई पेटी घेऊन, "पुढच्या वेळी तरी नीट करा," असं बजावून जायच्या.

मला हे कोडं पडलं होतं. तपासणीला माझ्याकडे मामाच्या नमुन्यांवरून ओतलेले भाग यायचे, त्यांत कधी केसाचा फरक नसायचा. मग पेटीतच दर वेळी काही ना काही कसं राहतं? एकदा मी त्याच्याकडे गेले, तर नव्या पेटीचा शेवटचा कोपरा खडबडीत ठेवून महाशय कानस कपाटात ठेवत होते.

"मामा, हा कोपरा राहिला की."

"राहू दे," तो म्हणाला. एरवी एका वाक्याची दहा करणारा माणूस तेवढंच बोलला, आणि त्याचे कान लाल झाले. मी काय समजायचं ते समजले आणि तोंडावर बोट ठेवून परत आले.

मग पाईपांचं मोठं काम आलं. एकच जात, पण लांब्या नाना प्रकारच्या, आणि प्रत्येक लांबीला वेगळी पेटी. मामाची तर चंगळच झाली! पण कोअरखोलीतलं फडताळ छतापर्यंत भरलं, आणि वरची पेटी काढताना बाईंचं मनगट मुरगळलं. त्या हाताला फडकं बांधून आल्या. त्या दिवशी भांडल्या नाहीत. स्टुलावर बसून नुसत्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या पेट्यांचं आता ओझं होतं हो."

मामाला ते फार लागलं. घरी आल्यावर ताटावर बसला आणि जेवायचं सोडून पाटीवर खडूने काहीबाही काढत राहिला. पुढचे काही दिवस त्याने दुसरं काही केलं नाही, आणि त्यातून निघाली सरकती पेटी. लांब खाचेची एकच पेटी. एका टोकाची भिंत पक्की, दुसऱ्या टोकाची सरकती. हवी तेवढी लांबी ठेवायची आणि बाजूच्या भोकातून लाकडी पाचर ठोकून भिंत जागच्या जागी आवळायची. पाचरीच्या रुंद टोकाला लाल रंग, म्हणजे ठोकायचं तिकडून. पाचर सैल करायची असली की मागच्या बाजूने एक टिचकी, बस्स. फडताळभर पेट्यांचं काम या एकीने करायचं होतं, आणि ती उचलायला एक हात पुरत होता.

मी बोट फिरवून पाहिलं. एकही कोपरा राहिलेला नव्हता.

कोअरबाईंनी सगळ्यांसमोर ती भरून पाहिली. कोअर लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. भिंत सरकवली, पुन्हा भरली, पुन्हा तसाच. मामा अंगठे कमरेला लावून उभा होता, वाहवा ऐकायला कान टवकारून. बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काही बोलायला जागाच ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या आणि कोअर उचलून भट्टीकडे गेल्या.

मामाला ती शाबासकी वाटली. त्या संध्याकाळी त्याने आम्हाला ती पेटी इतक्या वेळा सांगितली की सांगता सांगता तिच्यात रेल्वेचा डबा मावला असता.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. येतील कशाला? नवी पेटी लागत नव्हती, जुनी अडत नव्हती. मामा थर्मास उघडायचा, झाकणात चहा ओतायचा, दाराकडे बघायचा आणि तो चहा स्वतःच गार पिऊन टाकायचा. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता त्याने, आणि तोही उत्तम तासलेला.

घरी हे आधी आईच्या लक्षात आलं. "अगं, तुझ्या मामाचं बोलणं मापात यायला लागलंय," ती काळजीने म्हणाली. "बरं नाही का त्याला?"

मी सांगून टाकलं. आई कपाळाला हात लावून खाली बसली, मग हसत सुटली, आणि मग रागावली. "मग जाऊन बोलत का नाही हा? जगाला ऐकवायला एवढं तोंड आहे! बडा घर पोकळ वासा."

त्यात एक दिवस कोअरबाई तपासणीच्या टेबलाशी आल्या. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "भाऊ बोलावतोय त्याच्या गावी. वहिनी चांगली आहे, खोली रिकामी आहे. महिनाअखेर कळवायचंय." मी काहीतरी विचारणार, तेवढ्यात त्यांनीच खिडकीतून आवाराकडे पाहिलं. "इथे अडतंय काय माझं? आता तर पेटीही एकच."

मी तशीच उठून मामाकडे गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. तो रंधा हातात घेऊन उभाच राहिला. मग तरातरा कोअरखोलीत गेला. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. पण हा पठ्ठ्या तिथे जाऊन स्वतःच्याच पेटीत खोट शोधत बसला. भिंत सरकवून पाहिली, पाचर काढून पाहिली, कोपरे चाचपले. बाई शेजारी उभ्या होत्या. "काही राहिलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही," हा म्हणाला, आणि परत आला.

मला इतका संताप आला की त्या दिवशी मी तपासलेले निम्मे पाईप पुन्हा तपासावे लागले.

महिना सरत आला. एका दुपारी मी मामाच्या खोलीत एका पाईपाचं माप त्याच्याशी ताडून बघत होते, तोच दार ढकलून कोअरबाई आत आल्या. काखेत सरकती पेटी.

"सरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पेटी टेबलावर ठेवली.

मामाने हात पुसले. भिंत ओढली. ढिम्म. मागच्या बाजूने टिचकी मारली. काही नाही. पेटी उलटी केली, तर पाचर उलट बाजूने ठोकलेली, लाल टोक पुढे, आणि अशी खोल रुतवलेली की घावाखाली कडा फुटली होती.

"ही उलटी मारलीय."

"हो."

"कुणी मारली?"

"मी."

मामा पेटीकडे बघत राहिला. बाईंच्या हाताखाली कितीतरी बायका तयार झाल्या होत्या, आणि पाचर कुठून मारायची हे त्यांतल्या सगळ्यात नव्या मुलीलाही ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "चुकून?"

आता बाई भडकल्या. "चुकून? दर पेटीत एक कोपरा सोडत होतात, तो चुकून राहत होता का? मला काय कळत नव्हतं? प्रत्येक वेळी म्हणायचे, चला, ठेवलंय काहीतरी माझ्यासाठी. आणि ही पेटी केलीत तर तिच्यात काहीच ठेवलं नाहीत. मला वाटलं, कंटाळलात. आता मी आलेली नको असेल." शेवटचं बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला.

मामाचा चेहरा पडला. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुमचा हात दुखत होता," तो म्हणाला. "म्हणून... म्हणून सगळे कोपरे घासले. पुन्हा कुठे लागू नये म्हणून."

वाक्य अगदी मापात होतं. त्यात थंड होऊन आकसण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि तेलकट मनगटाने डोळे पुसले. मी पाईप धरून भिंतीशी उभी होते. मला जायला हवं होतं हे मला कळत होतं, पण माझा पाय निघेना. तसंही त्या दोघांच्या लेखी मी आणि तो पाईप सारखेच होतो.

मामाने पेटी जवळ ओढली. "फार आत गेलीय. काढायला वेळ लागेल."

"लागू द्या," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "मला घाई नाही. भावाला कळवून टाकलंय, काम अडकलंय म्हणून."

मामाने थर्मास उघडला. झाकणात चहा ओतताना तो बाईंकडेच बघत होता, आणि निम्मा चहा पेटीत सांडला.

त्या झाल्या माझी मामी. मामा त्यांच्या दोन खोल्यांत राहायला गेला, आणि आमच्या पॅसेजमध्ये कपाट तेवढं उरलं. मी म्हटलं, आता कापून कोनाड्यात बसवूया. आईने हात लावू दिला नाही.

नव्या घरासाठी मामाने पलंग केला. स्वतःच्या हाताने, आणि अर्थातच स्वतःच्या पट्टीने. तो आत न्यायच्या दिवशी आम्ही दोघी मदतीला गेलो. पलंग दारातून निम्मा आत गेला आणि चौकटीत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मामा आणि मामी आत, आई आणि मी बाहेर, मध्ये पलंग.

"थंड झाला की जाईल," मामा आतून ओरडला, आणि आई पलंगाच्या काठाला धरून हसता हसता रडायला लागली.

"थांबा, करवत आणतो. बोटभर कापला की झालं," मामा म्हणाला.

"आज नको," मामी म्हणाली. "मला तक्रारीला काहीतरी राहू द्या."

मग तिने चहा टाकला. आम्ही चौघं त्याच पलंगावर बसलो, दोघं घरात आणि दोघी रस्त्यावर, आणि चौकटीतून कप इकडे तिकडे करत चहा प्यायलो.