हनीफभाईची भट्टी आणि दह्याचं पीठ

पिझ्झ्याचं पीठ मांडीवर घेऊन येडगावातनं जीपमधी बसणारी मीच पयली आसंन. नारायणगाव येईस्तवर पिठानं डब्याचं झाकण वर उचललं. शेजारचा पावणा दचकला. "आजी, डब्यात जितं काय हाय का?" म्हनलं, "गप बस, नातीचं खाणं हाय."

नात म्हंजी श्रेया. तिला मोबाइलमधल्या बाईसारखा पिझ्झा पायजे व्हता. ती बाई पिठात अंडं घालती. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, आमच्या घरात अंडं शिवत न्हाईत. मी दही घातलं. तर श्रेया म्हनती, "आजी, मग ही रेसिपीच न्हाई!" आगं, रेसिपी काय आभाळातनं पडती का? नानकटाई माझ्या सासूच्या आईची. त्यात जायफळ सासूनं घातलं, वेलदोडा मी. हनीफभाईचे वडील कालच्या पिठाचा गोळा राखून आजचं पीठ फुगवायचे, आता यीस्टची पुडी आली. जी ती बाई आपलं कायतरी घालती आन् पुढं देती. आसंच चालत आलंय.

महंमद हनीफ नारायणगावचा भट्टीवाला. दिवाळीला, ईदला आमी बाया आपापला मैदा, तूप, साखर घेऊन त्याच्याकडं जातो, त्यो भाजून देतो. लग्न होऊन आले तवापासनं मी जाते. पन डब्यावर नावाची चिठ्ठी लावलेली त्याला खपत न्हाई. सगळ्यांचे गोळे फळीवर ओल्या फडक्याखाली मांडायचा आन् भाजताना एकेक हुंगून सांगायचा, हा साळूताईंचा म्हंजी माझा, हा जोहराबीचा. कदी चुकला न्हाई. म्हनून तर माझ्यासारखी माळकरीण डोळे मिटून तिथलं खाती.

त्या दिवशी फळीवर दोनच गोळे व्हते, माझा आन् नारायणगावच्याच समृद्धीचा. समृद्धी अंडं घातलेलं पीठ ठेवून बाजारात गेली व्हती. हल्लीच्या अंड्यांना पिवळा रंग तरी कुठं आसतो? दोन्ही गोळे पांढरेफटक. हनीफभाईनं फडकं उचललं, वाकला, आन् तसाच थांबला. मग फडकं परत टाकलं.

"साळूताई, आज भट्टी बंद. दुसरा मैदा देतो, घरी न्या."

माझं डोस्कंच फिरलं. "अवो, लाकडं धडधडा पेटल्यात आन् बंद कशी? पोरगी वाट बघत बसली आसंल!"

त्यानं आवाज बारीक केला. "ताई, गेल्या पावसाळ्यात तापानं पडलो, तवापासनं मला वासच येत न्हाई. कांदा करपला तरी कळत न्हाई. दिवाळीला तुमचं तूप रंगावरनं वळखलं. आज कळंना."

"मग कोणचाबी भाजायचा. मला काय समजणार व्हतं?"

"तुमाला नसतं समजलं. मला समजलं असतं ना." त्यानं खाली बघितलं. "कुनाला सांगू नका. भट्टीवाल्याला वास येत न्हाई म्हनल्यावर उद्या कोन पीठ आणंल? पोरगं आधीच म्हनतंय, भट्टी मोडू, मोबाइलचं दुकान टाकू."

रडूच आलं मला. रागबी आला, येवढे दिवस एकटाच गिळून बसला म्हनून. उठले, वाकले, दोन्ही गोळे हुंगले. दही लगेच कळलं. "हा माझा. आन् आता चिठ्ठ्या लावा."

"लावल्या की सगळा बाजार इचारंल, का लावल्या."

तेवढ्यात समृद्धी आली, संगं अजून दोघी. मी मोठ्यांदा म्हनलं, "बायांनो, आजपासनं नावं लिवून ठेवा गं. मला म्हातारीला माझं पीठ वळखंना. आत्ता समृद्धीचाच गोळा घेऊन चालले व्हते!"

ह्या फिदीफिदी हसल्या. समृद्धी म्हनली, "आजी, जाताना जीप तरी येडगावचीच पकडा बरं!" मला कोनी म्हातारी म्हनलेलं आजवर मी ऐकून घेतलेलं न्हाई, घरात सुनंला इचारा. त्या दिवशी तोंड मिटून घेतलं. हनीफभाईबी लबाड. सुस्कारा टाकून म्हनला, "काय करता, साळूताईंसाठी लावू चिठ्ठ्या."

माझा गोळा त्यानं थापला, वर टमाटं, चीज पसरलं, पत्रा आत सरकवला. थोड्या वेळानं बाहेर वढला आन् सगळ्यांसमोर माझ्या नाकाशी आणला. "कसाय, ताई?"

बायांना वाटलं, कौतुक करून घेतोय. म्हनलं, "जरा कच्चट वास येतोय अजून."

त्यानं गपचीप पत्रा आत सारला. मी रिकामं पोतं वढलं आन् भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसले. समृद्धीचाबी बाकी व्हता.