बर्नरपाशी

काल परळच्या दवाखान्यात लादी पुसणाऱ्या बाईंनी बाटली उघडली. अमोनियाचा उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट दादरच्या कॉलेजात, अकरावीच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

मी जन्मापासून आंधळी. पहिल्याच प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "तू दाराजवळ स्टुलावर बस. तुझी मैत्रीण सुनीता प्रयोग करेल, मार्क तुलाही देईन."

"नुसते मार्क नकोत सर, मला प्रयोग करायचाय."

"अगं, हात भाजला तर?"

"बाकीच्यांचाही भाजतो की."

मग सरांनी मला बर्नरपाशी नेलं आणि परीक्षानळीचा चिमटा हातात दिला. सुनीता शेजारी उभी राहून रंग सांगत होती. नळी तापली, तोच वास उसळला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडतेस का?" सरांनी घाबरून विचारलं.

"नाही सर, अमोनिया आहे," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

त्यानंतर मी एकही प्रॅक्टिकल चुकवलं नाही. तेव्हा वाटायचं, सरांनी मेहेरबानी केली. आज मी स्वतः रसायनशास्त्र शिकवते आणि मला ठाऊक आहे, त्या टेबलापाशी माझी जागा पहिल्या दिवसापासूनच होती.