फाटकावर लावलेला कागद

आमच्या वरच्या मजल्यावर एक राजा राहतो, हे तो राहायला आल्यानंतर चार महिन्यांनी मला कळलं. तेव्हा आम्ही अबुधाबीत, टूरिस्ट क्लब भागातल्या एका जुन्या इमारतीत राहत होतो. राजाची नात माझ्याच वयाची, इथेच वाढलेली. मराठी बोलायची, पण लिहिता यायचं नाही. आजोबांच्या व्हिसाचा फॉर्म घेऊन ती एकदा माझ्याकडे आली, कारण मी एका इंटीरिअर कंपनीत एचआरमध्ये होते आणि असे फॉर्म रोजच भरायचे. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं असं मी विचारल्यावर ती अवघडली. "ही वॉज अ किंग," ती म्हणाली. "म्हणजे, खरंच."

घोड्यावरून एका दिवसात हद्दीला फेरी मारता येईल, एवढंच ते संस्थान. त्याचे हे शेवटचे राजे. नव्वदीला टेकलेले, ताठ बसणारे, कान अजून पक्के. त्यांना आठवणी लिहायच्या होत्या, पण हात थरथरायचा. म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी मी वही घेऊन वर जाऊ लागले. ते सांगत, मी लिहीत असे.

अकराव्या वर्षी वडील गेले आणि त्यांना गादीवर बसवलं. पाय खाली पोचेनात म्हणून पाट ठेवला होता. कारभार प्रत्यक्ष हातात आला त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. "युद्ध युरोपात लागलं आणि रॉकेल माझ्या गावातलं संपलं," ते म्हणाले. संस्थानातून साठ तरुण फौजेत पाठवले, प्रत्येकाला स्वतः कुंकू लावून. जे परतले त्यांना भेटायला मात्र दिवाणांना पाठवलं. हे त्यांनी सरळ सांगितलं, मीही सरळ लिहून घेतलं.

२००८चा तो हिवाळा. टीव्हीवर रोज अमेरिकेतल्या बुडालेल्या बँकांची चर्चा चाले. आजोबा लक्ष देऊन ऐकत. आम्हाला वाटत होतं, दुबईला झळ लागेल, अबुधाबीत तेल आहे. पण समोर अल रीम आयलंडवरच्या क्रेन एकेक करून थांबल्या, आणि एका बुधवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून कामावरून काढायच्या लोकांची यादी दिली. वर्कशॉपमधले एकेचाळीस सुतार. टर्मिनेशन लेटर मीच टाइप केली, इंग्रजी आणि अरबीत, ठरलेल्या मजकुराची. मुसफ्फाला कामगारांच्या कॅम्पवर जाऊन बोलावं का, असं मी विचारलं. गरज नाही, लेटर कॅम्प बॉस वाटेल, तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. गुरुवारी लिफाफे बसच्या ड्रायव्हरकडे देऊन मी घरी आले आणि मुलीला घेऊन कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विलीनीकरणापाशी पोचलो होतो. दिल्लीहून अधिकारी आले, दिवाणखान्यात टेबल मांडलं, आजोबांनी सही केली. तेवढं लिहून झाल्यावर मी विचारलं, सही झाल्यावर काय केलंत?

"झोपलो," ते म्हणाले.

मी तेही लिहिलं. नातीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वाड्याच्या चौकात सकाळपासून माणसं उभी होती. माहूत, आचारी, पहारेकरी, सनईवाले, दीडशेच्या वर. दिवाण दोनदा आत आले, म्हणाले, बाहेर येऊन दोन शब्द बोला. आजोबा गेले नाहीत. सगळ्यांची नोकरी संपल्याची नोटीस काढायला सांगितली, खाली राजमुद्रा उमटवली आणि कागद फाटकावर लावला.

"मी पडद्याआडून पाहत होतो," ते म्हणाले. "त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मुद्रा तेवढी ओळखू आली. एकेक जण पुढे आला आणि त्या कागदाला मुजरा करून गेला."

मी वही मिटली. माझे सुतार बिहारचे, राजस्थानचे, नेपाळचे. पगारपत्रकावर अंगठा उठवणारे कितीतरी. त्यांच्या हातात मी काल इंग्रजी कागद पाठवला होता.

काय सांगून उठले ते आठवत नाही. नवऱ्याला सोबत घेतलं आणि टॅक्सीने मुसफ्फा गाठलं. कॅम्पवर बाई आलेली पाहून कपडे धुणाऱ्यांनी घाईघाईने शर्ट चढवले. तरुण पोरं माझ्या नजरेला नजर देईनात. त्यांना कळलं होतं, पण म्हाताऱ्यांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. पूर्व किनाऱ्यावर खोर फक्कानला एका हॉटेलचं काम मिळणार अशी अफवा महिनाभर होती. वयस्क सुतारांनी ते लेटर त्या बदलीचं समजलं होतं. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला एक जण खोलीच्या दारात बसून पटाशीला धार लावत होता. बाकी हत्यारं पिशवीत भरून तयार होती.

मी अंगणात उभी राहिले आणि हिंदीत सांगितलं. तुमची नोकरी संपली. तीस दिवसांत जायचं आहे. तिकीट कंपनी देईल.

पटाशीवाला उठून जवळ आला. "मैडम, मेरे काम में क्या कमी थी?"

कमी काहीच नव्हती. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या होत्या. मी फक्त "कुछ नहीं" म्हणाले. तो मान हलवून आत गेला.

पुढच्या शुक्रवारी मी आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, उभं राहून सांगितलंत की बसून? उभी राहून, मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, कुणी काही बोललं का? मी त्या सुताराचा प्रश्न सांगितला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतका की मला वाटलं, नातीला हाक मारावी.

"मला कुणी काही विचारलंच नाही, बाई," ते म्हणाले. "विचारायला मी समोर कुठे होतो."

त्या दिवशी त्यांनी मागचं पान उघडायला लावलं, 'झोपलो' हा शब्द खोडला आणि पडद्याआडून पाहिलं ते सगळं स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं. तेवढ्याला दोन तास लागले. त्यानंतर वही पुढे गेली नाही. पुढचं सांगण्यासारखं काही नाही, म्हणाले. वर्षभरात ते गेले, झोपेत.

त्याआधीच, एप्रिलमध्ये, दुसरी यादी आली. मी मॅनेजरला म्हटलं, या वेळी मी स्वतः जाऊन सांगणार, हिंदीत. त्याने खांदे उडवले. मी गेले, सत्तावीस जणांना नावानिशी सांगितलं. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर एक लिफाफा होता, माझ्या नावाचा, आत तोच ठरलेला मजकूर. मॅनेजर जेवायला गेला होता.