तेरा दिवस पाण्यावर, एका खोलीत दोन जावा

जहाजानं जायचं ठरलं ते कौशल्याच्या कानामुळे. कौशल्या माझी धाकटी जाऊ. कानाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, वर्षभर विमान नको. नवरा गेल्यापासून ती आमच्या बोरी गावात एकटीच राहायची, आणि आता सिंगापूरला लेकाकडे कायमची निघाली होती. त्या लेकानं मला फोन केला, "मोठ्याई, आईला जहाजानं बोलवायलोय. सोबतीला तूच ये. तुझं परतीचं विमान मी बघतो."

माझ्या ताटात जेवून मोठा झालेला पोरगा, त्याला नाही कसं म्हणणार? पण त्यालाही ठाऊक होतं, कौशल्या आणि मी सात वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगून टाकते. माझ्या नातवाचं लग्न होतं, आणि त्याच साली कौशल्याचा नवरा गेला. आमच्याकडे लग्नाचं आवतण घरी जाऊन द्यायचं, बायांच्या कपाळाला कुंकू लावून. आता विधवा बाईच्या दारात कुंकवाची डबी घेऊन जायचं कसं? मी आपला सोपा रस्ता काढला. फोन केला. ती राहायची मागच्या गल्लीत. ती लग्नाला आली नाही, आणि त्या दिवसापासून मी समोर दिसले की तिला रस्त्याच्या पलीकडचं झाड आवडायचं.

सोबत माझी नात पल्लवी. ती पुण्यात नोकरी करते, तिचं काम कॉम्प्युटरवर कुठूनही होतं. मला अक्षर येत नाही, मी सांगते आणि ती टाइप करते. तेव्हा यातल्या चुका तिच्या.

आमचे मालक निघताना म्हणाले, "तेरा दिवस? तेराव्याचा सैपाक सांगून ठिवू का?"

"ठिवा," म्हनलं, "चहा करायचा शिका त्याच्या आधी."

बोरीहून काळीपिवळीनं परभणी, तिथून रेल्वेनं मुंबई. बंदरावर विमानतळासारखीच तपासणी असते. इस्त्री नेऊ नका, घरचं खाणं नेऊ नका. माझी लोणच्याची बरणी ठेवून घेतली, आणि ठेवून घेणाऱ्यानं झाकण उघडून वास घेतला तो मी बघितला. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते. ती जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्यावी, कमी हलते. मळमळलं तर आलं आणि हिरवं सफरचंद. एवढं लक्षात ठेवलं की जहाज कळलं.

खोली मात्र आमच्या देवघराएवढी. दोन पलंगांमध्ये वीतभर जागा, आणि वरच्या फळीवर पल्लवी.

"पल्लवी, तिला म्हनाव, बत्ती बंद कर."

"पल्लवी, त्यांना सांग, बटन त्यांच्याच उशाला हाय."

पल्लवी वरून म्हणायची, "मी झोपले."

पहिले दोन दिवस, कोचीपर्यंत, मी नुसती फिरत होते. जेवण आयतं, भांडी दुसरा घासतोय, अंथरूणसुद्धा कुणीतरी घालतोय. हातांना काही सुचेना. बसले की उठावं वाटे, उठले की कुठं जावं कळेना. सगळ्यात वरच्या मजल्यावर चालायला एक वाट आखलेली आहे. तिच्यावर मी एवढ्या चकरा मारल्या की लोक मला ओळखायला लागले. गावात एवढं चालले असते तर सेलूला पोचले असते.

तिसऱ्या दिवसापर्यंत जहाजाचं गाव झालेलं असतं. वरच्या मजल्यावर गच्चीच्या खोल्या, तिथले लोक आमच्याकडे बघताना मान जरा उंच ठेवतात. त्यांच्या गळ्यातल्या कार्डाचा रंगही वेगळा. कोण कुणाशी रुसलं, कुणाच्या सुनेनं काय घातलं, सगळं लिफ्टमध्ये कळतं. जेवणाचं टेबल ठरलेलं, रोज तेच चेहरे. आमच्या टेबलावर सुरतेचे एक नवराबायको होते. ते येईल त्या पदार्थावर पिशवीतून मसाला काढून टाकायचे. आणि मार्गरेट नावाची एक गोरी म्हातारी होती, माझ्याच वयाची. एका जहाजावरून उतरायची आणि दुसऱ्यावर चढायची. घरच नाही म्हणे.

कोलंबोच्या आदल्या दिवशी खुर्च्यांवरून वाजलं. पोहण्याच्या तळ्याकाठी आरामखुर्च्या असतात. कौशल्यानं एकीवर टॉवेल टाकला आणि चहा आणायला गेली. तेवढ्यात वेगळ्या रंगाच्या कार्डाचे एक साहेब टॉवेल उचलून खुर्चीत पसरले. मी तिथूनच चालले होते. मी थांबले.

"उठा," म्हनलं. "ती जागा धरलेली हाय."

साहेबांना मराठी येत होतं, म्हणजे आपलेच. म्हणाले, "आजी, असं टॉवेल टाकून जागा धरता येत नाही. तिथे पाटी लावलीय."

"पाटी मला वाचता येत न्हाई. पण यष्टीत खिडकीतून रुमाल टाकला की शीट त्याचं. तुमी कदी यष्टीत बसलाव न्हाई का?"

माणसं हसली, साहेब उठले. कौशल्या चहा घेऊन आली आणि खुर्चीत बसली. माझ्याकडे न बघता पल्लवीला म्हणाली, "त्यांना म्हनाव, मला भांडायला तोंड हाय."

कोलंबोला चार तास उतरलो. हत्ती बघितला, शहाळं प्यालो. त्यानंतर तीन दिवस जमीनच नाही. सगळीकडे नुसतं पाणी, आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब: पेनांग, मग सिंगापूर, मग ही उतरणार. सत्तरी ओलांडलेली बाई परत येते कशाला? तिकडेच तिचं काय व्हायचं ते होईल, आणि मी बोरीत तिच्या बंद दारावरून जात राहीन.

अशात एका सकाळी दाराखालून एक कार्ड आत सरकलं. पल्लवीनं वाचून दाखवलं. सत्तरीपुढच्या प्रवाशांना कप्तानानं दुपारी चार वाजता चहाला बोलावलं होतं. पोरगी हरखली. आम्ही दोघी कार्डाकडे बघत बसलो.

"दाराखालून?" कौशल्या म्हणाली. "आवतण हाय का नोटीस?"

"तेच की," मी म्हनलं. "मानूस आलं न्हाई, तोंडानं बोलावलं न्हाई. कोन जातंय?"

सात वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं, तेही बिचाऱ्या कप्तानाविरुद्ध. पल्लवी कपाळाला हात लावून बसली. आणि मग कौशल्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पल्लवी, त्यांना इचार. फोनवरचं आवतण यापरीस बरं असतंय का?"

मी उठले आणि वर चालायला गेले. चालण्यात जीव लागेना. मार्गरेट एकटीच पपई खात बसली होती. तिनं हात केला. पल्लवी मागून आलीच होती. मी तिला विचारायला लावलं, बाई, तू घर सोडून पाण्यावर का राहतेस?

ती म्हणाली, नवरा गेला आणि मैत्रिणींनी जेवायला बोलवायचं बंद केलं. त्यांच्या टेबलांवर जोडपी बसायची, मी एकटी जास्तीची व्हायचे. वाईट कुणीच नव्हतं, त्यांना नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं. इथे कसं, रोज एका खुर्चीवर माझं नाव असतं.

अवघडल्यासारखं. मला तरी दुसरं काय झालं होतं?

पल्लवीला घेऊन खाली आले. पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि बाहेर गेले. दार ओढून घेतलं आणि वाजवलं.

पल्लवीनं उघडलं. "आजी, चावी हाय की तुझ्याकडं."

"तू सरक. मी पाव्हणी हाय."

कौशल्या पलंगावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. "कौशल्याबाई, आज चार वाजता चहाला यायचं करा. मी बोलवायला आले." आणि डबी पुढे केली.

ती डबीकडे बघत राहिली. "मला चालत न्हाई ते."

"कुनाला चालत न्हाई? मला चालतंय."

"सात वर्सं उशीर केलाव, बाई."

"केला. चुकलं माझं."

"आन चहा तर दुसऱ्याचा हाय."

"लगीन तर होऊन गेलं, माय. त्याचं पोरगं बालवाडीत जायलंय. आता चहाच उरलाय."

तिनं डबी माझ्या हातातून घेतली. आधी माझ्याच कपाळाला बोट लावलं, जहाज हललं आणि कुंकू भुवईवर गेलं. मग तिनं मान खाली केली. मी लावलं, तेही वाकडंच गेलं.

कप्तान उंचापुरा, गोड बोलणारा निघाला. त्याला आमच्या कपाळांचं कुतूहल वाटलं, पण विचारायला सवड मिळाली नाही. कौशल्या बोलत होती. सात वर्षांचं साठलेलं: कुणाची म्हैस मेली, कुणाच्या सुनेनं काय केलं, नातवाच्या लग्नात वरण पातळ होतं हे तिला कुणी सांगितलं. पेनांगपर्यंत ती बोलतच होती, आणि मला दिवस धरून ठेवावे वाटत होते.

सिंगापूरच्या बंदरावर तिचा लेक उभा होता. कौशल्यानं मला मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. एवढंच म्हणाली, "घराला कुलूप हाय. अंगणातल्या तुळशीला पानी घालत जावा." मी घालते, म्हनलं.

बोरीत येऊन आता महिना झाला. खुशाल जा जहाजानं, जेवण चांगलं, माणसं बघायला मिळतात. पण ज्याच्याशी बोलत नसाल त्याच्याबरोबर जा, तेरा दिवस पुरतात. माझा जीव अजून ठिकाणावर नाही. पलंग हलत नाही म्हणून झोप लागत नाही, आणि मागच्या गल्लीत दिवसातून तीनदा पाय जातात.

मागच्या आठवड्यात धाकट्या पणतवाचं जावळ होतं. आवतण द्यायला मीच निघाले. शेजारची सीता तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिनं दारातच सांगितलं, "काकू, सून आत हाय, तिला लावा."

"तिला बी लावते. तुला आधी."

तिनं हात पुढे केला, कुंकू तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. मी पुढच्या घरी गेले. मालक घरी म्हणाले, भावकी बोलायली. म्हनलं, बोलू द्या, न बोलण्यापरीस बरं.

जावळाच्या दिवशी सीता आली. कपाळ रिकामंच होतं. पहिल्या पंगतीत बसली, एक घास खाल्ला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय."